पासपोर्ट कुणाच्या पर्समध्ये?

मैत्रिणींनो, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाच्या निमित्ताने आता नेवासा, राहुरी, श्रीरामपूरकडच्या बायकाही विमानात बसू लागल्या आहेत. तयारी जोरात असते. मेतकूट, डिंकाचे लाडू, लोणच्याला दोन-दोन पिशव्या! आणि पासपोर्ट? ‘तो ह्यांच्याकडे.’ पैसे ह्यांच्याकडे, मुलाचा पत्ता ह्यांच्या फोनमध्ये. परक्या विमानतळावर चुकामूक झाली तर बाईच्या हातात उरतं काय? लाडूंचा डबा! मला हे मुळीच पटत नाही.

परदेशाची रंगीत तालीम करायची तर आपल्या शनिशिंगणापूरला जाऊन या. घरांना दारं-कुलपं न लावण्याची तिथली परंपरा. २०११ मध्ये युको बँकेची शाखा निघाली, तीही बिनकुलपाची. म्हणून बँकेने नोटा काही ओट्यावर मांडून ठेवल्या नाहीत! २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. गावाची श्रद्धा मोठीच, पण गर्दी साऱ्या मुलखाची असते. तेव्हा पर्स आपल्याच खांद्याला हवी. वाटेत गाड्या अडवून पूजेचं ताट गळ्यात मारणाऱ्या ‘लटकूं’च्या तक्रारी भाविक नेहमी करतात. दर आधी विचारायचा, नको असेल तर ठाम ‘नको’ म्हणायचं. हीच सवय परदेशात टॅक्सीवाल्यापाशी उपयोगी पडते.

दुसरा धडा चौथऱ्याचा. तिथे बायकांनी चढायचं नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. मंदिरप्रवेश हा स्त्रियांचाही हक्क आहे, असं २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आणि त्याच वर्षी ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, चौथरा खुला झाला. परक्या ठिकाणी रीत जरूर पाळावी. पण रीत कोणती आणि कायदा कोणता, हे स्वतः विचारून घ्यावं.

कायद्याचं म्हणाल तर साधी खसखस घ्या. आपल्या अनारशांवरची ही खसखस दुबईत चालत नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना बरोबरचा खाऊ फॉर्मवर लिहून द्यावा लागतो, नाहीतर दंड बसू शकतो. औषधं मूळ पाकिटात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्या. पासपोर्ट आपल्याच पर्समध्ये, त्याची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत लिहून कागद जवळ बाळगा, मोबाइलची बॅटरी सांगून संपत नाही. अमेरिकेत मदतीला ९११, युरोपात ११२. आणि थोडे तिथले पैसे, स्वतःचे, स्वतःजवळ.

यावर ‘एवढा कशाला अविश्वास?’ असं कुणी म्हणेलच. यात अविश्वास कसला? आयुष्यभर घराच्या किल्ल्या आपण कमरेला सांभाळल्या. मग आपला पासपोर्ट आपल्याला सांभाळता येणार नाही होय?