हौशी खेळाडूचा साक्षीदार

मराठीत ‘हौशी’ हा शब्द आपण काहीशा दयेने उच्चारतो. जणू व्यावसायिक होणे ज्याला साधले नाही तो हौशी. गोल्फचा इतिहास वेगळे सांगतो. १९३० साली अमेरिका आणि ब्रिटनमधील खुल्या व हौशी अशा चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारे बॉबी जोन्स हौशीच होते. त्याआधी, १९२५च्या अमेरिकी खुल्या स्पर्धेत, इतर कोणालाही न दिसलेली चेंडूची किंचित हालचाल त्यांनी स्वतः होऊन सांगितली आणि एका फटक्याचा दंड ओढवून घेतला. अखेरीस बरोबरी झाली. फेरलढतीत ते हरले.

मित्रांबरोबरच्या रविवारच्या फेरीत एवढी कठोरता कोणी अपेक्षित नाही. पहिला फटका झाडीत गेला की ‘मलिगन’, म्हणजे दंडाविना दुसरी संधी. होलपासून हातभर अंतरावरचा चेंडू ‘गिमी’, म्हणजे न मारताच आत गेला असे समजायचे. या सवलतींना माझा विरोध नाही. त्यांवाचून मैत्रीचा खेळ रुक्ष होईल. विरोध आहे तो अशा फेरीतील फटक्यांचा आकडा खरा म्हणून मिरवण्याला. तिथे पंच नसतो. आपला साक्षीदार आपणच. आणि सराव करून ज्याला सुधारायचे आहे, त्याला तर आपली खरी चूक ठाऊक असायलाच हवी.

आपल्या साहित्यिक बैठकींतही हेच घडते. मित्राच्या कवितेला दिलेली दाद ही ‘गिमी’ असते. ती प्रेमाने द्यावी, प्रेमाने घ्यावी. मात्र तिला समीक्षा समजून पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापू नये.