चोर कोण?

भाऊबीजेला ताईकडे देवळीला गेलो होतो. वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याने निघाले की हे गाव लागते. दिवाळीच्या सुमारास भोवतालची शेते कापसाने पांढरी झालेली असतात. ओवाळणी आटोपली, फराळ झाला आणि मी जरा लवंडतो न लवंडतो तोच बैठकीतून आरोळी आली, "मामा, ही माह्या पडद्यात पाहून राहिली!"

भाचा आणि भाची टेलिव्हिजनवर दडून गोळ्या झाडण्याचा खेळ खेळत होती. पडद्याचे दोन भाग. वरचा त्याचा, खालचा तिचा. तो कोठे दडला आहे हे ती त्याच्या भागात पाहून घेई आणि नेमकी तेथे जाऊन गोळी घाली. मी वडीलकीच्या तोऱ्यात म्हणालो, "चोर कुठली!" पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. "मग काय डोळे मिटून खेळू?"

मी निरुत्तर झालो. ताईच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "पत्ते उताणे वाटायचे अन् पाहू नका म्हणायचं, हा कुठला न्याय?"

खरेच आहे. पत्त्यांचे गुपित राहते, कारण पत्त्याला पाठ असते. बुद्धिबळाचा पट उघडाच असतो. तेथे डोकावून मिळणार काय? घोटाळा होतो तो दडायला सांगून सारे उघड्यावर मांडणाऱ्या खेळात. १९९७ साली निघालेल्या 'गोल्डनआय' या खेळात चौघांचे चार चौकोन एकाच पडद्यावर असत. 'तू माझ्यात पाहिलेस' हे भांडण त्या खेळाबरोबर घरोघर गेले. त्यात कोण कोठे आहे हे दाखवणारे रडारही होते; ते चालू असले की डोकावण्याचे मोल आपोआप उतरे. २०१४ सालच्या 'स्क्रीनचीट' खेळाच्या कर्त्यांनी तर कमालच केली. त्यांनी सर्वच खेळाडू अदृश्य केले! दुसऱ्याच्या चौकोनात पाहिल्यावाचून तो सापडायचाच नाही. जी काल लबाडी होती, तीच नियम झाली. माणसे तीच, डोळे तेच. बदलली ती खेळाची मांडणी.

म्हणजे दार सताड उघडे ठेवले खेळ रचणाऱ्याने, आणि चोर ठरवली मी भाचीला! मी तिच्याजवळ शब्द परत घेतला. ती काही बोलली नाही.

रात्री पत्त्यांचा डाव मांडला. दोन हात झाले असतील. भाची हळूच म्हणाली, "मामा, जागा बदला. मागच्या कपाटाच्या काचेत तुमचे पत्ते दिसून राहिले."

मी मुकाट्याने जागा बदलली.