जवान आमचे, निर्णय कोणाचा?

१९९१च्या जनगणनेत आपल्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. न्यूझीलंड हा अख्खा देश तेव्हा त्याहून लहान होता. तरी शांतिसेनेच्या कारभारातील एका सुधारणेचे बरेचसे श्रेय मी त्याला देतो.

एप्रिल १९९४मध्ये रवांडात वंशसंहार सुरू झाला, तेव्हा सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद न्यूझीलंडच्या कॉलिन कीटिंग यांच्याकडे होते. शांतिसेना मागे घेऊ नये म्हणून ते झटले. पण बड्यांपुढे इलाज चालला नाही. सुमारे अडीच हजारांची सेना २७०वर आणण्याचा ठराव झाला. त्याच वर्षी न्यूझीलंडने अर्जेंटिनाच्या साथीने मागणी लावून धरली, की ज्यांचे जवान धोक्यात आहेत, त्यांना निर्णयाआधी विचारा. ४ नोव्हेंबरला परिषदेने अशा बैठकांची रीत मान्य केली.

देवळालीचा तोफखाना शेजारी असलेल्या नाशिककरांना लष्करी घराची काळजी समजावून सांगायला नको. १९९२मध्ये युगोस्लाव्हियातील शांतिसेनेचे पहिले सेनापती झालेले सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे. शांतिकार्यात आजवर दीडशेहून अधिक भारतीयांनी प्राण दिले आहेत. कायम सदस्यत्व मात्र भारताला नाही, आणि त्या बैठकाही पुष्कळदा मसुदा ठरल्यावर उपचारापुरत्या होतात.

ज्याचे जळते त्याला कळते. म्हणून कायम जागेसाठी भांडताना, न्यूझीलंडने किलकिले केलेले हे दार पुरते उघडण्याचा आग्रहही भारताने तितक्याच जोराने धरावा, असे मला वाटते. जवान पाठवणाऱ्याला आधी विचारणे ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.