वजन अडकते तेव्हा वैद्याचे कर्तव्य

गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या चिकित्सालयात एक नवा वर्ग येऊ लागला आहे. त्यास ज्वर नाही, शूल नाही, अरुची नाही. वय वीस ते तीस, शरीर कमावलेले आणि तक्रार एकच : "डॉक्टर, वजन अडकलंय. काहीतरी ताकदीचं द्या." हे वजन त्याच्या शरीराचे नव्हे, जिममधील बारवर लावलेल्या लोखंडाचे असते. पहिले सहा-आठ महिने ते दर आठवड्यास वाढत गेले आणि मग एका आकड्यावर थांबले. तीन-चार महिने झाले तरी पुढे सरकत नाही. शहरातच नव्हे, तालुक्याच्या गावीही हा तरुण आता सर्वांच्या परिचयाचा झाला असेल.

या तरुणास आपल्याकडून सहसा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही वैद्य त्यास जिम सोडून सूर्यनमस्कार घालण्याचा उपदेश करतात. तो उपदेश ऐकून घेतो आणि पुन्हा येत नाही. जिममध्येच मिळणाऱ्या पावडरीच्या डब्याकडे वळतो. दुसरे वैद्य त्यास अश्वगंधा, कवचबीज, शिलाजतू यांपैकी काही लिहून देतात. औषध विकले जाते, तरुण संतुष्ट होऊन जातो, वजन मात्र तेथेच राहते. आमचे स्पष्ट मत असे की ही दोन्ही उत्तरे परीक्षणावाचून दिलेली आहेत. अडकलेले वजन हे प्रथम परीक्षण मागते, औषध नंतर.

हे आम्ही इतरांचे दोष दाखविण्यासाठी लिहीत नाही. आमचीच चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांचा, ६८ किलो वजनाचा एक कामगार आमच्याकडे आला. खांद्यावर १०० किलो घेऊन तो तीन बैठका मारीत असे. चार महिने त्यापुढे जाता येत नव्हते. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली आणि अश्वगंधा चूर्ण दुधातून, जोडीला कवचपाक असे तीन महिने दिले. काहीही फरक पडला नाही. चौथ्या महिन्यात तो पोटफुगीची तक्रार घेऊन आला, तेव्हा कुठे आम्ही त्याची दिनचर्या सविस्तर विचारली. कारखान्यात रात्रपाळी, दिवसा पत्र्याच्या खोलीत जेमतेम पाच तास झोप, आठवड्यातून सहा दिवस जिम आणि प्रत्येक दिवशी '१०० च्या वर जाते का' याची परीक्षा. खाणावळीच्या जेवणात पातळ आमटी व चार पोळ्या. ती उणीव भरून काढण्यासाठी दोन वेळा प्रथिनांची पावडर, जी त्यास पचत नव्हती. वर आमचा पाक, तोही गुरू! अजीर्ण झालेल्याने व्यायाम वर्ज्य करावा असे वाग्भटाने दिनचर्येतच सांगितले आहे, आणि आम्ही मात्र अजीर्णात भर घालून त्यास व्यायामाला धाडीत होतो. जे प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयाचे, ते आम्ही शंभराव्या दिवशी विचारले.

वजन का अडकते?

या प्रश्नाचे उत्तर आपण समजून घेतलेच पाहिजे. अन्यथा चिकित्सा आंधळी होते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी शक्ती वाढते, ती मुख्यत्वे नाडीसंस्थेच्या शिक्षणाने वाढते. स्नायू तेवढेच असतात, परंतु त्यांस एकत्र कामास लावण्याची कला शरीर शिकते. ही वाढ वेगाने होते व लवकर संपते. पुढील वाढ मांसधातूच्या वृद्धीवर अवलंबून असल्याने ती मंद असणारच. म्हणजे वेग कमी होणे हा विकार नव्हे. तरुणास हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून तो घाबरतो.

खरोखरच प्रगती थांबली असेल, तर तिची कारणे बहुधा चार प्रकारची आढळतात. पहिले, तेच वजन, त्याच संख्येने, महिनोन्महिने उचलणे. शरीरास ते सात्म्य होऊन जाते आणि सात्म्य झालेली गोष्ट नवा बदल घडवीत नाही. दुसरे, याच्या उलट : विश्रांतीवाचून सतत अतिभार. येथे शक्ती वाढलेली असूनही श्रमाखाली झाकली जाते. तिसरे, आहार व अग्नी यांची उणीव. चौथे, शरीरातील एखादा दुर्बळ दुवा किंवा उचलण्याच्या पद्धतीतील दोष. पाय समर्थ असतात, परंतु कंबर वा खांदा साथ देत नाही.

चौथ्या कारणाचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. मीराबाई चानू यांना २०१८ साली कंबरेच्या दुखापतीने ग्रासले होते. २०२० साली त्या अमेरिकेत उपचार व पुनर्वसनासाठी गेल्या. तेथे खांद्यातील असंतुलनावर काम झाले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे ४९ किलो गटात त्यांनी क्लीन अँड जर्क प्रकारात ११९ किलो उचलून तेव्हाचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत एकूण २०२ किलोंसह रौप्यपदक मिळविले. तथापि स्नॅच या प्रकारात त्यांचा आकडा २०२० साली ८८ होता, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८८ होता आणि २०२४ साली पॅरिसमध्येही ८८ च होता. ज्यांच्या दिमतीस प्रशिक्षक व वैद्यकीय पथक असते, त्यांचीही एक बाजू पुढे जाते व दुसरी वर्षानुवर्षे थांबते. आपल्या गावच्या तरुणास हे सांगितले तर त्याची निम्मी चिंता कमी होते.

ग्रंथ काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

चरकाने बल तीन प्रकारचे सांगितले : सहज, कालज व युक्तिकृत. अडकलेल्या वजनाकडे पाहण्यास ही विभागणी आजही उपयोगी पडते. सहज बलाची मर्यादा प्रत्येकास आहे. कालज बल वय व ऋतू यांप्रमाणे बदलते. वैशाखाच्या उकाड्यात पौषातील आकडा न आल्यास ती अधोगती नव्हे. युक्तिकृत बल आहार व चेष्टा यांच्या योजनेतून येते, आणि आपले काम येथेच आहे. येथे योजना हा शब्द महत्त्वाचा. व्यायाम हीच एक मात्रा आहे. ती अधिक झाली तर तिचेही दुष्परिणाम होतात. अतिव्यायामाने होणारे तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर, छर्दी हे विकार आपण सर्वांनी पाठ केलेले आहेत.

अर्धशक्तीच्या नियमाचा मात्र पुष्कळदा विपर्यास होतो. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने आणि अन्य ऋतूंत त्याहून कमी व्यायाम करावा, हा वाग्भटाचा नियम. अर्धशक्ती झाल्याची लक्षणे ग्रंथांत दिली आहेत : श्वास तोंडाने होऊ लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांस घाम येणे, मुख शुष्क होणे. हा नियम पुढे करून काही जण 'जड वजन उचलूच नये' असे सांगतात. आम्हांस हा अर्थ पटत नाही. नियम रोजच्या व्यायामाचा आहे : रोज शक्तीच्या टोकापर्यंत जाऊ नये. आजचे जाणते प्रशिक्षकही बहुतेक दिवशी टोकाच्या अलीकडेच थांबावयास सांगतात आणि टोकाची परीक्षा क्वचितच घेतात.

त्याचबरोबर हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की टप्प्याटप्प्याने भार वाढविण्याचे गणित आपल्या संहितांत दिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांचे दुबळे स्नायू वाढत्या भाराने बळकट केले व १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. वर्षाचे भाग पाडून कधी जड, कधी हलका व्यायाम देण्याची पद्धत १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात मात्व्हेयेव यांनी मांडली. 'हे सर्व आमच्याकडे होतेच' असे म्हणण्यापेक्षा ते शिकून घेणे अधिक शोभणारे आहे.

त्या कामगाराचे पुढे काय झाले ते सांगतो. पाक व पावडर दोन्ही बंद केले. आठ दिवस सुंठ-धण्याचे साधे पाचन दिले. त्या आठवड्यात त्याने नेहमीच्या निम्म्या भाराने व्यायाम करावा असे ठरले. खोलीच्या खिडकीस जाड पडदा लावून झोप सात तासांवर आणली. जेवणात उसळ, दूध, दही, अंडी वाढविली. प्रतिकिलो शरीरभारास सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने शक्तिव्यायाम करणाऱ्यास पुरतात असे आजचे संशोधन सांगते; त्याच्यासाठी ती दिवसास सुमारे ११० ग्रॅम होतात. हे लक्ष्य अग्नीचा अंदाज घेत दीड महिन्यात गाठले. जिम सहाऐवजी तीन दिवस. बैठक ८५ किलोंपासून पुन्हा सुरू केली आणि दर आठवड्यास केवळ अडीच किलो, म्हणजे दोन्ही बाजूंस सव्वा किलोची एकेक प्लेट वाढविली. नवव्या आठवड्यात त्याने १०५ किलोंच्या तीन बैठका मारल्या. एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्या काळात एकही बल्य औषध दिलेले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

अश्वगंधेचे काय?

अश्वगंधा निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ पुरुषांस आठ आठवडे शक्तिव्यायाम दिला. ज्यांस मुळाचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम मिळाला, त्यांचे बेंच प्रेसचे वजन सरासरी ४६ किलोंनी वाढले. ज्यांस औषधविरहित कॅप्सूल मिळाली, त्यांचे २६.४ किलोंनी. हा अभ्यास औषधविक्रेते मोठ्या अभिमानाने दाखवितात. परंतु त्यातील सर्व जण या व्यायामात जवळजवळ नवखे होते, म्हणूनच औषधावाचूनही त्यांचे २६ किलो वाढले. ज्याचे वजन वर्षभराच्या सरावानंतर अडकले आहे, त्याच्याविषयी हा अभ्यास काहीच सांगत नाही. निद्रानाश, कार्श्य, मानसिक ताण अशी लक्षणे असतील तर अश्वगंधा अवश्य द्यावी. केवळ लोखंड अडकले म्हणून देऊ नये. मळलेल्या वस्त्रास रंग चढत नाही, हा रसायनाचा पहिला धडा येथेही लागू आहे.

स्पर्धक खेळाडू असेल तर

तरुण स्पर्धेत उतरतो काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. मंदाग्नी पाहून आपला हात सहज अग्नितुंडी वटीकडे जातो. तीत कुचला आहे. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्यांच्या जागतिक यादीत आहे. विषतिंदुक वटीचेही तेच. कामेश्वर व मदनानंद मोदकांतील भांग स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. सोमलतेतील इफेड्रिनवर मर्यादा आहे. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्यास तोच जबाबदार, असा हा नियम आहे. 'वैद्यांनी दिले' ही सबब त्यास वाचवीत नाही. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ साली झाला असून खेळाडूवर उपचार करणारा वैद्यही या नियमांच्या कक्षेत येऊ शकतो. आपल्या एका चिठ्ठीने एखाद्या मुलाची चार वर्षे वाया जाऊ शकतात.

औषधी दुकानदार बंधू-भगिनींस आमची कळकळीची विनंती अशी की 'आयुर्वेदिक' असे छापलेली, परंतु घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेली पावडर दुकानात ठेवू नये. अशा डब्यांतील चूर्णात स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. दोन महिन्यांत चेहरा गोल झालेला, मुरूम उठलेले व रक्तदाब वाढलेला एक मुलगा आम्ही स्वतः पाहिला आहे. त्याचे वजन खरेच वाढले होते, परंतु त्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली आणि बदनामी आयुर्वेदाच्या वाट्यास आली.

आमची सूचना

यापुढे वजन अडकल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक तरुणाची दोन आठवड्यांची वही आपण पाहावी : काय खाल्ले, किती झोपला, किती दिवस व किती भार उचलला, सकाळी उठताना नाडीचे ठोके किती होते. नेहमीपेक्षा वाढलेले ठोके व उत्साहहानी दिसल्यास प्रथम विश्रांती द्यावी. पंधरा दिवस व्यवस्था बदलूनही सुधारणेचे चिन्ह नसल्यास रक्त व थायरॉइड यांची तपासणी करावी. छातीत दुखणे, किंवा अतिश्रमानंतर मूत्र चहासारखे गडद होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालयात पाठवावे. तेथे चूर्णाचा प्रयोग नको. औषधाचा विचार या सर्वांनंतर.

आपल्या संघटनेने निषिद्ध द्रव्ये असलेल्या प्रचलित कल्पांची यादी तयार करून ती प्रत्येक सभासदाच्या टेबलावर व प्रत्येक औषधी दुकानाच्या गल्ल्यापाशी राहील अशी व्यवस्था करावी, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत. या विषयातील अनुभवी सभासदांनी, विशेषतः ज्यांचे मत आमच्याहून भिन्न असेल त्यांनी, आपले अनुभव संपादकांकडे अवश्य पाठवावेत.