शपथेनंतरची उस्तवार

परक्या देशाचं नागरिकत्व मिळालं की माणसानं आधी काय करावं, याबद्दल आमच्या लासलगावात एकमत आहे. पेढे वाटावेत. त्यानंतर काय करावं, याबद्दलही एकमतच आहे. काही करू नये.

माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. बरीच वर्षं ग्रीन कार्डावर काढून शेवटी त्यानं अमेरिकेची शपथ घेतली, आणि ती बातमी इथे बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या भावाआधी पोचली. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर सल्लागारांची रीघ लागली. ‘‘जुना पासपोर्ट? राहू दे की, काय खायला मागतोय?’’ ‘‘मतदार यादीत नाव आहे ना? राहू दे.’’ ‘‘बँकेतलं खातं? राहू दे.’’ एका गृहस्थांनी तर रेशनकार्डावरचं नावही राहू द्यायला सांगितलं. न्यू जर्सीहून गव्हाची पिशवी न्यायला कोण येणार होतं, देव जाणे!

माझं भांडण आहे ते या ‘राहू दे’शी.

अहो, कायदा काय म्हणतो? १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की, आपण होऊन दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. अर्ज नको, सुनावणी नको. नवी सोयरीक जुळताक्षणी जुनी आपोआप मोडते. तेव्हा पुतण्यानं तिकडे हात वर करून शपथ घेतली त्याच क्षणी कपाटातला तो निळा पासपोर्ट नुसतं पुठ्ठ्याचं पुस्तक झाला. नुसतं असता तरी हरकत नव्हती. तो दडवून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्याच्यावर प्रवास करणं हा त्याहून मोठा उद्योग. मी त्याला फोनवर सांगितलं, ‘‘बाबा रे, नागरिकत्वाचा दाखला मिळालाय तो जपून ठेव, त्यावर तिथला पासपोर्ट काढ, सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जाऊन नोंद बदलून घे. मग इथला पासपोर्ट परत करून तसं सर्टिफिकेट घे, आणि मगच ओसीआय कार्डाचा अर्ज कर. क्रम चुकवू नकोस.’’

तर आमचे थोरले बंधू, म्हणजे त्याचे वडील, फोन ओढून घेऊन म्हणाले, ‘‘कशाचा क्रम? मार्गशीर्षात ताईचं लग्न आहे. जुन्याच पासपोर्टवर ये निघून!’’

‘‘अण्णा, अमेरिकेच्या नागरिकाला अमेरिकेच्या पासपोर्टवरच तिथून निघावं आणि परत शिरावं लागतं. आणि इथे उतरायला व्हिसा नाहीतर ओसीआय लागतं.’’

‘‘स्वतःच्या घरी यायला व्हिसा?’’ अण्णा म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता लासलगावकरांना कागदांचं इतकं वावडं का असावं, हे मला उमगत नाही. अणुऊर्जावाल्यांनी २००२ साली इथे कांद्याला किरणं देण्याचं केंद्र काढलं. साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून. पुढे २००७ साली अमेरिकेनं आपल्या आंब्यावरची बरीच जुनी बंदी उठवली, तेव्हा तो आंबा आमच्या याच केंद्रात किरणं खाऊन, कागद पुरे करून मगच विमानात बसला. फळांच्या राजाला जर लासलगावात थांबून शिक्का घ्यावा लागतो, तर आमच्या पुतण्याला कसली लाज?

मात्र सरकारचंही एक चुकलंय, आणि ते मी बोलणारच. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. २००५ साली कायदा दुरुस्त करून हे कार्ड काढलं. नावात सिटिझन, पण मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरी सहसा मिळत नाही, राष्ट्रपती तर होताच येत नाही. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! वास्तविक हा आहे जन्मभराचा व्हिसा, आणि तेवढ्यापुरता फार चांगला आहे. मग त्याला जन्मभराचा व्हिसाच म्हणावं की नाही? ‘सिटिझन’ म्हटल्यामुळे अण्णांसारखी माणसं छातीठोकपणे सांगत सुटतात, ‘‘आमचा मुलगा दोन्हीकडचा नागरिक आहे.’’ दोन्हीकडचा कुणी नसतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही.

पॅन कार्डाचं फारसं दुखणं नाही, ते चालू राहतं. बँकेतलं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायला हवं, पण ते खरं तर तो पहिल्यांदा नोकरीला गेला तेव्हाच करायचं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, राहू दे.

खरी रड आहे ती जमिनीची. अण्णांच्या मनात विहिरीजवळचे दोन एकर आत्ताच बक्षीसपत्र करून मुलाच्या नावे लावायचे होते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मुलगा गावाला बांधलेला राहील, असा त्यांचा हिशेब. मी विचारपूस करून आलो. ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसही घेता येत नाही. वारसानं मात्र मिळते.

‘‘म्हणजे कशी?’’ अण्णांनी विचारलं.

आता काय सांगायचं? ‘‘म्हणजे अण्णा... सध्या नाही. सावकाश.’’

‘‘म्हणजे मी मेल्यावर.’’

‘‘कायद्यात तसंच आहे. आणि पुढे विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागेल.’’

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, ‘‘शपथ घेताना त्याला हे माहीत होतं?’’ माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. पेढे वाटणाऱ्यांना कायदा विचारायचा नसतो.

आणि मत! ८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ला उठली. मधल्या पाच महिन्यांत इथे ट्रॅक्टर घेऊन लिलावाला उभ्या राहणाऱ्या माणसाचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. वीस मेला आमच्या दिंडोरी मतदारसंघात मतदान झालं. यादीत पुतण्याचं नाव झळकत होतं, आणि रांगेत कुणीतरी कौतुकानं म्हणालं, ‘‘पोरगं असतं तर एक मत वाढलं असतं.’’ का वाढावं? ज्याच्या ताटातला कांदा एडिसनच्या दुकानातून येतो, त्यानं आमच्या भावाचा निकाल का लावावा? त्याला आता तिथे मत आहे. तिथल्या शाळेवर, तिथल्या करावर त्यानं खुशाल द्यावं, जरूर द्यावं. नागरिक झाल्यावर पहिलं काम तेच. पण एका माणसाची दोन गावच्या याद्यांत नावं म्हणजे इथल्या रांगेतल्या माणसाची थट्टा आहे.

म्हणून नाव वगळण्याचा सात नंबरचा फॉर्म मी स्वतः आणला. भरायला बसलो तर अण्णा शेजारी येऊन बसले. कारणांच्या चौकटी होत्या. मयत, स्थलांतरित, भारतीय नागरिक नाही, वगैरे.

‘‘स्थलांतरितवर खूण कर,’’ अण्णा म्हणाले.

‘‘अण्णा, खरं कारण खालचं आहे.’’

‘‘अरे, स्थलांतरितही खोटं नाही ना? गेलाच आहे की तो.’’

खोटं नव्हतं. पण स्थलांतरित माणूस उद्या परत आला की पुन्हा नाव लावता येतं, आणि अण्णांना तेवढीच फट हवी होती. मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, फॉर्म दिव्याखाली धरून दोनदा वाचला, आणि पेन मला परत देऊन म्हणाले, ‘‘तूच कर. माझा हात आजकाल थरथरतो.’’

मी खालच्या चौकटीत खूण केली.