ड्रोनला टाकी दिली, आता डोळेही द्या

मंडळी, गावोगावी ड्रोन पोचायला लागलेत. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. १,२६१ कोटी रुपये, १५,००० महिला बचत गट आणि ड्रोनवर ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ८ लाखांचं अनुदान. योजना चांगलीच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. पाठीवरचा पंप उतरत असेल तर कोणाला नकोय?

पण योजनेचा सगळा भर खत आणि औषध फवारण्यावर आहे. ड्रोन वर जातो आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सरसकट फवारत येतो. तणनाशकाच्या बाबतीत हा आंधळा कारभार आहे. कारण तण अख्ख्या शेतात सारखं कधीच नसतं. लव्हाळा ओलीच्या पट्ट्यात माजतो, हरळी बांधावरून आत सरकते, कुंदा भारी जमिनीत ठिगळाठिगळाने वाढतो. तण दोन गुंठ्यांत असताना औषध चाळीस गुंठ्यांवर कशाला?

तणाचं दुखणं छोटं नाही. जबलपूरच्या राष्ट्रीय तण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला होता. देशातल्या दहा प्रमुख पिकांत तणांमुळे दरवर्षी साधारण ११ अब्ज डॉलरचं नुकसान होतं. सोयाबीनमध्ये उत्पादनातली घट सुमारे ३१ टक्के. म्हणजे तण काढायचंच आहे. प्रश्न आहे तो कुठलं आणि कसं, एवढाच.

काही जण म्हणतील, उपग्रहावरून दिसतंच की सगळं. नाही दिसत. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जमीन. त्यात सोयाबीनच्या वीसेक ओळी मावतात. शिवाय ऐन खरिपात आभाळ भरलेलं, आणि हा उपग्रह ढगांतून पाहू शकत नाही. ड्रोन ढगाखालून उडतो. कमी उंचीवरून त्याचा कॅमेरा एक-दोन सेंटीमीटरपर्यंतचा तपशील टिपतो.

आता खरी अडचण. पीक हिरवं, तणही हिरवं. नुसता हिरवेपणा मोजून दोन्ही वेगळे होत नाहीत. म्हणून संगणक आधी पिकाच्या ओळी शोधतो आणि दोन ओळींमधलं हिरवं ते तण धरतो. स्पेनमधल्या कोर्दोबाच्या संशोधकांनी मक्याच्या कोवळ्या पिकात हे करून २०१३ मध्ये प्रसिद्धही केलंय. मर्यादा आहेतच. फोकून पेरलं असेल तर ओळच सापडत नाही, आणि पिकाने जमीन झाकली की वरून तण दिसत नाही. पेरणीनंतरचे दोन-तीन आठवडे, एवढीच काय ती संधी. पण तण आवरायची वेळही तीच असते ना!

ओळीतच उगवलेलं तण ओळखायचं असेल तर यंत्राला हजारो फोटो दाखवून शिकवावं लागतं: हे पीक, हा केना, हा कुर्डू. हे शिकवणार कोण? दोन पानांवरचं रोप पाहून अचूक नाव सांगणाऱ्या बाया आपल्याच शिवारात निंदायला येतात. तणनाशकाने त्यांची मजुरी आधीच खाल्लीय. त्यांचं ज्ञान नकाशासाठी वापरायचं असेल तर त्याचे रीतसर पैसे द्या. आणि नकाशा म्हणजे फवारणीच असंही नाही. कुठे डवरा पुरेल, कुठे चार बाया लावल्या तर भागेल, हेही त्यातूनच कळेल.

‘दोन एकरवाल्याला नकाशा कशाला, त्याला आपलं रान पाठ असतं’ असंही ऐकू येईल. बरोबर आहे. पण भाड्याने आलेल्या ड्रोनला ते पाठ नसतं. शिवाय कुंदा, लव्हाळा जमिनीखालच्या कांड्या-गाठींतून त्याच जागी परत फुटतात. यंदाचा नकाशा पुढच्या सालीही कामाला येतो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. हा नकाशा कोणाचा? औषध विकणाऱ्यानेच नकाशा काढला तर कुठे किती फवारायचं हेही तोच ठरवणार. राज्याने २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण आणलं, त्यासाठी ५०० कोटी ठेवले. सुदूर संवेदनाचं काम करणारी राज्याची संस्था नागपुरात आहेच. मग तालुक्याला निदान एक नकाशा काढणारा ड्रोन आणि तो चालवायला शिकलेला एक बचत गट, एवढं जमायला हरकत नाही. नकाशा शेतकऱ्याच्या मोबाइलवर यावा आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणालाही मिळू नये.

पुढच्या ग्रामसभेत ड्रोनचा विषय निघेल तेव्हा ‘एकरी भाडं किती?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘फवारायच्या आधी बघणार आहात का? आणि बघितलेलं कोणाकडे राहणार?’ हेही विचारा. तुमच्या भागात कुठलं तण जास्त छळतंय आणि ड्रोनचा अनुभव काय, तेही कमेंटमध्ये लिहा.