तारापूर नेमके कोठे?

सातवीच्या वर्गात मुलांना पत्ता लिहायला सांगितला होता. एकाने विचारले, “सर, आम्ही बोईसरला राहतो. मग अब्बांच्या कंपनीच्या पत्त्यात तारापूर कसे?” प्रश्न साधा, पण उत्तर देता देता तास संपत आला.

तारापूर हे चिंचणीच्या समोरचे, खाडीच्या दक्षिणेचे गाव. तिथला किल्ला पोर्तुगीजांकडे होता. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. पुढे १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र जवळच सुरू झाले आणि तारापूर हे नाव जगाला कळले. कारखान्यांची वसाहत बोईसरला उभी राहिली, तिलाही तेच नाव मिळाले. केंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे मात्र उठली. माणसे दुसरीकडे वसली, पण गावांची नावे त्यांनी सोबत नेली.

एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ट्यूशनला एक जण म्हणतो, तुम्ही बाहेरचे. आपण इथे कधी आलो?”

मी त्यांना चिंचणीला सापडलेल्या एका ताम्रपटाची गोष्ट सांगितली. तो शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. त्या वेळी राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याचे राज्य होते. संजाण आणि आसपासचा मुलूख मुहम्मद नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. ताजिक म्हणजे पश्चिमेकडून आलेला मुसलमान. ताम्रपटातल्या संस्कृतात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आले आहे. त्याने लोकांसाठी फुकट नाव चालवली आणि अन्नछत्र काढले. तिथे भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. देवीच्या मठिकेला दिलेल्या जमिनीची नोंदही त्याच ताम्रपटात आहे.

“म्हणजे हजार वर्षांहून जास्त झाली!” तो मुलगा म्हणाला.

“हो. आणि त्याची आठवण राहिली ती नावेमुळे आणि भातामुळे. तुला कोणी पुन्हा विचारले, तर भांडू नकोस. ही गोष्ट सांग.”

मग मी गृहपाठ दिला : घरातल्या मोठ्यांना विचारून आपल्या मोहल्ल्यातल्या जुन्या जागांची नावे लिहून आणा. दुसऱ्या दिवशी त्याने दादीकडून तीन विहिरींची नावे आणली. त्यातल्या एकीवर आता इमारत आहे.

वाचकहो, आपल्या घरी दादी-नानी असतील, तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा. वही जवळ ठेवा.